लहानीसाठी मोठीची शाळा सोडवू नको

मावशीले नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नाव छापू नका, गावात बोलतीन. मले दोन पोरी. मोठी चौथीत हाये, लहानी पुढच्या महिन्यात दोन वर्साची होते. मालक तालुक्याच्या जिनिंगमंधी हमालीले जाते. मी निंदण करतो, सोयाबीन सोंगतो, अन् आता कापूस वेचाले जातो. आमची आठ बायाईची टोळी हाये, त्यातल्या पाच जणीचे लेकरं लहान. सकाळी नवाच्या आंधी निघा लागते, घरी याले सहा वाजते. लहानीले संगं नेलं तं पंचवीस किलोच वेचणं होते, नाई नेलं तं चाळीस. किलोमागं दहा रुपये भेटते. सासूजवळ ठेवाव तं त्याईले डोळ्यानं दिसत नाई, गुडघे धरले. पोट्टी दिवसभर चहा-बिस्किटावर राहते. मांगच्या हप्त्यात खेळता खेळता हौदाजवळ गेली, शेजारच्या भाऊनं पाह्यलं म्हणून बरं. तवापासून मोठीले शाळेतून घरी ठेवलं हाये. तिचे गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. मले लाज वाटली, पण त्याईले काय सांगू?

अंगणवाडीत गेलो तं सेविकाबाई म्हंते, तीन वर्साची झाल्यावर आन, अन् आमची अंगणवाडी तं दुपारी बंद होते. कोनीतरी सांगतलं का सरकार आता अंगणवाडीतच पाळणाघर देते. शेजारीण म्हंते, ते नोकरीवाल्या बायाईसाठी हाये, रोजमजुरीवाल्याईले नाई. सासू म्हंते, आमी झोळीतच लेकरं वाढवले, तुले काय झालं? मालक म्हंते, घरी बस. घरी बसलो तं किराणा कोन भरन? खरं काय हाये ते सांगा.

— एक माय, यवतमाळ जिल्हा

पोरी,

सगळ्यात आधी मोठीचं बोलू. तिला सोमवारी शाळेत पाठव. लहानीची सोय कशी लावायची ते पुढे सविस्तर लिहिते, पण ती सोय मोठीच्या शाळेच्या बदल्यात होणार नाही, एवढं आजच घरात सगळ्यांसमोर सांगून टाक. तुला वाटत असेल, वेचणीपुरतंच तर ठेवलंय. पण वेचणी संक्रांतीच्या पुढे जाते, मग तूर सोंगायला येते, हरभरा येतो, आणि तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर असते. चौथीत भागाकार, अपूर्णांक सुरू असतात. ते सुटले की पुढचं गणित कळेनासं होतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत शाळा चौथीपर्यंतच आहे, पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागतं. चौथीत मागे पडलेल्या मुलीला रोज बाहेरगावी पाठवायला घर सहसा तयार होत नाही. "तशीही तिला कुठं काय येते" असं कुणीतरी म्हणतं, आणि तिथंच शाळा संपते. या एका वळणावर आपल्या भागातल्या किती हुशार मुली घरी बसल्या, ते आठवलं की जीव तुटतो.

शिवाय चौथीतली पोर दोन वर्षांच्या पोरीला दिवसभर सांभाळूच शकत नाही. लहानी पुन्हा हौदाकडे पळाली तर हिचे हात तिला ओढायला पुरतील का? काही बरंवाईट झालं तर "माझ्यामुळे झालं" हे ती जन्मभर मनात धरून राहील. एवढं ओझं त्या वयाच्या लेकराच्या डोक्यावर ठेवू नये. आणि हौदावर आजच्या आज झाकण टाका. पत्रा असो, फळी असो, वर दगड ठेवा. पाळणाघर मिळेल तेव्हा मिळेल, हे काम अर्ध्या तासाचं आहे.

गुरुजी दोनदा घरी आले, त्याची लाज वाटून घेऊ नको. असा गुरुजी मिळणं हे गावाचं भाग्य आहे. त्यांना जाऊन खरं सांग: लहानीला बघायला कोणी नाही म्हणून मोठीला ठेवलं होतं, आता पाठवते, मागे राहिलेलं तेवढं भरून काढा. पुढे ग्रामसभेत पाळणाघराचा विषय निघेल तेव्हा हाच माणूस तुझ्या बाजूनं बोलेल. धाकट्या भावंडांपायी शाळेत गैरहजर राहणारी मुलं किती, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला माहीत नसतं.

ही अडचण तुझ्या एकटीची नाही आणि आजचीही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर शाळा चालवली, तेव्हा त्यांना हेच दिसलं. मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकटं भावंड कडेवर असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. लग्नानंतरची काही वर्षं ताराबाई आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या, म्हणून मला त्या अधिकच जवळच्या वाटतात. लहानग्याला सांभाळायची सोय केली नाही तर मोठ्याची शाळा चालत नाही, हे त्यांनी इतक्या आधी ओळखलं होतं. आपण अजून तिथंच अडलोय, याचा मला राग येतो.

आता तुझा मुख्य प्रश्न. तुला कोणीतरी सांगितलं ते खरं आहे. केंद्र सरकारची पाळणा नावाची योजना आहे. आधी ती राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, आणि २०२२ मध्ये केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती या कार्यक्रमाखाली आल्यावर तिचं नाव पाळणा पडलं. खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. वय सहा महिने ते सहा वर्षं. म्हणजे तुझी लहानी आजच त्यात बसते, तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघायची गरज नाही. महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास पाळणाघर उघडं ठेवायचं, एका पाळणाघरात साधारण २५ लेकरं, त्यांच्यासाठी वेगळी सेविका आणि वेगळी मदतनीस. लेकरांचं झोपणं, खाणं, वजन घेणं, आरोग्य तपासणी, तीन वर्षांखालच्यांशी खेळणं-बोलणं आणि मोठ्यांचं पूर्वशिक्षण हे सगळं त्यात धरलेलं आहे. अंगणवाडीलाच जोडून हे चालवायचं असेल तर त्याला अंगणवाडी-सह-पाळणाघर म्हणतात.

तुझी शेजारीण सांगते ते चुकीचं आहे. पाळणा योजनेत आई नोकरीला आहे का, मजुरीला जाते का, यावर लेकराला नाकारायचं नाही. आणि पगारपत्रक नसलं म्हणजे ते काम नव्हे, असं कोणी तुला सांगू नये. नऊ तास वाकून चाळीस किलो कापूस वेचणारी बाई कामकरी नाही, तर मग कोण आहे?

वेळेचं मात्र नीट समजून घे. साडेसात तास म्हणजे सकाळी साडेनऊला सोडलं तर पाचला संपलं. तुमची टोळी नवाच्या आत निघते आणि सहाला येते. याआधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत तिथल्या बहुसंख्य आयांच्या कामाप्रमाणे वेळ ठरवायला सांगितलं होतं, आणि तो मुद्दा तुम्हालाही धरता येतो. वेळ ठरवायची ती अर्ज करतानाच बोलून ठरवा. एकदा फलकावर दहा ते साडेपाच लिहिलं गेलं की ते बदलून घेणं फार जड जातं. उरलेल्या दीड-दोन तासाला घरातलं कोणी आणायला-सोडायला हवं. मालक आणि सासूबाई यात काय करू शकतील, त्यावर पुढे येते.

पण तुला खोटी आशा दाखवणार नाही. तुमच्या गावात हे पाळणाघर आज नसणार, म्हणूनच सेविकाबाई तसं बोलल्या. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि अंगणवाडी-सह-पाळणाघरं करायची ठरली १७,००० . म्हणजे ठरलेली सगळी झाली तरी ऐंशीएक अंगणवाड्यांमागे एक. राज्यानं प्रस्ताव पाठवायचा, मग केंद्रानं मंजुरी द्यायची, असा हा मार्ग आहे. ज्या गावातून मागणीच गेली नाही, ते गाव प्रस्तावात येणार तरी कसं? मागून लगेच मिळेल असं नाही, पण न मागता तर मिळणारच नाही. तुमच्यासारख्या कापसाच्या पट्ट्यातल्या गावांना हे आधी मिळायला हवं, कारण इथं वर्षातले निम्मे महिने बाईच्या हातावरच शेत चालतं. शहरातल्या कार्यालयातल्या बाईला पाळणाघर नको असं मी म्हणत नाही. ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथं पाळणाघर असलंच पाहिजे, असा कायदा २०१७ च्या दुरुस्तीनं तिच्यासाठी झाला. तुझा नवरा जातो त्या जिनिंगमध्ये एवढी माणसं असतील, तर तिथं कामाला येणाऱ्या बायांनाही हे मागता येतं. पण शेतावरच्या मजूर बाईचा मालक दर हप्त्याला बदलतो. आज याचं वावर, उद्या त्याचं. तिनं कोणाकडे मागायचं? म्हणून तिच्यासाठी सरकारनंच उभं राहिलं पाहिजे.

सेविकाबाईंवर चिडू नकोस. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली ती आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि तीन वर्षांवरच्या मुलांच्या पूर्वशिक्षणासाठी. मजुरीला गेलेल्या आयांची लेकरं दिवसभर सांभाळणं त्यांच्या कामात कधी धरलंच नव्हतं. त्यातून मोबाईलवर रोजची माहिती भरायची, वजनं घ्यायची, गृहभेटी करायच्या, सर्वेक्षणं करायची, आणि हे सगळं मानधनावर. तुझी लहानी त्यांनी दिवसभर ठेवून घ्यावी असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. त्यासाठी वेगळी बाई मिळावी असं म्हणायचा मात्र आहे, आणि ते त्यांच्याही फायद्याचं आहे. हे त्यांना समजावून सांग, त्या तुमच्या बाजूनं येतील.

तरी लहानीचं नाव आजच्या अंगणवाडीत आहे ना, ते आधी बघ. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार तिच्या नावानं येतो. वर्षाचे ३०० दिवस. ती पाकिटं घरात सगळ्यांच्या वाट्याला जातात, कुठं कुठं तर शेळीलाही. तसं होऊ देऊ नको. पीठ तव्यावर थोडं भाजून, चमचाभर तेल आणि गूळ घालून छोटे लाडू करून ठेव. दोन वर्षांच्या लेकराचं पोट तिच्या मुठीएवढं, त्यात एका वेळी भरपूर मावत नाही. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं लागतं. चहात बुडवलेलं बिस्किट खाल्लं की भूक मरते आणि अंगाला काही लागत नाही. सासूबाईंच्या हाती बिस्किटाच्या पुड्याऐवजी लाडवाचा डबा दे. दर महिन्याला वजन करून घे आणि कार्डावरचा ठिपका कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे ते स्वतः विचार. हिरव्यातून पिवळ्यात घसरला तर वाट बघू नको, लगेच बोल. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. तिला मिळाला का, तेही त्याच दिवशी आशाताईंना विचारून घे.

आता मागणी कशी करायची. एकटी जाऊ नको. पाच जणी मिळून आधी यादी करा. साधी शाळेची वही घ्या आणि घरोघर जा. लेकराचं नाव, जन्मतारीख, आई कोणत्या कामाला जाते, कोणत्या महिन्यांत जाते, सकाळी किती वाजता निघते, संध्याकाळी किती वाजता येते, आत्ता लेकरू कोण सांभाळतं. या शेवटच्या रकान्यात "मोठी बहीण" किंवा "कोणी नाही" असं जिथं जिथं येईल तिथं खूण करा. माझ्या मते तुमच्या अर्जातला सगळ्यात बोलका कागद तोच असेल. निवेदनात चार पानं भावना लिहिल्यापेक्षा ती यादी साहेबांच्या टेबलावर जास्त काम करते. सहा वर्षांखालची पंचवीसेक लेकरं गावात सहज निघतील. कमी भरली तर शेजारच्या पोडावरची, वस्तीवरची धरा.

मग महिला ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असा आपल्या राज्याचा नियम आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. यावेळी सही करायच्या आधी म्हणा, सभा भरवा. तिथं पाळणाघराचा ठराव घ्या, आणि तोच ठराव मोठ्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या. बचत गटाच्या बाया, ग्रामसंघाच्या ताई सोबत असल्या की आवाज दबत नाही. ठराव वहीत लिहिला गेला का, ते डोळ्यांनी बघा. "लिहितो नंतर" यावर उठून येऊ नका. ठरावाची नक्कल मागून घ्या.

त्याच सभेत ग्रामपंचायतीच्या पैशांचंही बोला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. लहान गावाची घरपट्टी-पाणीपट्टी ती किती, त्यातले १० टक्के म्हणजे फार रक्कम होत नाही. पण त्यात सतरंज्या, दोन पाळणे, पंखा, भांडी, दाराला अडसर, पाण्याच्या टाकीला झाकण एवढं बसतं. पटसंख्या घटल्यानं गावच्या शाळेत एखादी खोली रिकामी पडली असेल तर तीही बघा. जागा, पाणी, संडास, वीज तयार आहे असं दाखवता आलं की वरच्यांना "जागाच नाही" म्हणून फाईल परत पाठवता येत नाही.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं करायचा. त्यांचं कार्यालय तालुक्याला असतं. आधी तुमच्या भागातल्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकाबाईंना दाखवा, त्या अंगणवाडीच्या भेटीला येतात तेव्हा भेटतील. एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला पाठवा. मजकूर लांबवू नका. असं लिहिलं तरी पुरे:

"आमच्या गावात सहा महिने ते सहा वर्षे वयाची, मजुरीस जाणाऱ्या मातांची … बालके आहेत (यादी सोबत). दिवसभर त्यांना सांभाळण्यास कोणी नसल्याने … मुली शाळेत गैरहजर राहतात. तरी पाळणा योजनेअंतर्गत आमच्या अंगणवाडीस पाळणाघर मंजूर होण्यासाठी प्रस्ताव पाठवावा. वेळ सकाळी साडेआठपासून असावी. ग्रामसभा ठरावाची नक्कल सोबत जोडली आहे."

खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पुढे विचारायला गेलात की "अर्ज सापडत नाही" हे हमखास ऐकायला मिळतं, तेव्हा तोच क्रमांक दाखवायचा. दीडेक महिन्यानं दोघी जणी जाऊन विचारून या. प्रस्ताव गेला का, कोणत्या तारखेला गेला, एवढेच दोन प्रश्न.

हे सगळं होईपर्यंत यंदाची वेचणी उरकलेली असेल, हे मला कळतं. म्हणून या हंगामापुरतं तुमच्या टोळीनंच करायचं. तू लिहिलेले आकडे मी मांडून पाहिले. लहानी सोबत नसली तर तू पंधरा किलो जास्त वेचतेस, म्हणजे दिवसाला दीडशे रुपये जास्त. पाच जणींचं तेच. प्रत्येकीनं त्यातले पन्नास काढले तर अडीचशे होतात, आणि तरी प्रत्येकीच्या हातात शंभर जास्तीचे उरतात. त्या पैशांत गावातली एखादी धडधाकट, मायाळू बाई पाच लेकरं सांभाळायला मिळेल. वावरात जायची ताकद उरलेली नाही पण हात-पाय चालतात, नजर चांगली आहे, अशी बाई प्रत्येक गावात असते. शेतमालकाशीही बोला. पाच जणींनी मिळून रोजचा पाऊण क्विंटल कापूस जास्त निघतो. फुटलेला कापूस बोंडावर राहिला आणि वरून अवकाळी आला की प्रत जाते, भाव पडतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं वर शंभर दिले तर त्याचं नुकसान काहीच नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात हेच तत्त्व होतं. कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली, तर त्यातल्याच एका बाईला ती सांभाळायला बसवायचं आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची. सांभाळणं हे काम आहे आणि त्याला दाम आहे, असं त्या कायद्यानं मानलं. मग टोळीनंही मानायला काय हरकत आहे?

जागा गावातच ठेवा, वावरात नको. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून लेकरू निजवायचे दिवस आता गेले. कपाशीवर फवारणी होते, औषधाचे रिकामे डबे बांधावर पडलेले असतात, लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ती धडधाकट मोठी माणसं होती. दोन वर्षांच्या लेकराला तर त्याहून फार कमी विष पुरतं. शिवाय साप-विंचू आहेत, कठडा नसलेल्या विहिरी आहेत. ज्या घरात लेकरं ठेवाल तिथं ओसरीला आडवी फळी लावा, पाण्याची भांडी उंच ठेवा, चूल वेगळ्या खोलीत असू द्या. सकाळी प्रत्येकीनं आपापल्या लेकराचा डबा द्यायचा. आणि सांभाळणाऱ्या बाईकडे एक चालू मोबाईल हवाच, तुमच्यातल्या दोघींचे नंबर तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सासूबाईंना उलट बोलू नकोस. झोळीत लेकरं वाढवली हे त्या खरंच सांगतात, आणि ते सोपं नव्हतं. पण त्यांना एकदा शांतपणे विचार: तेव्हा घरात जावा होत्या का, नणंदा होत्या का, धुऱ्यावर लेकरांजवळ कोण बसायचं? बहुतेक घरांत कोणीतरी बसलेलं असायचं. आज त्या एकट्या आहेत आणि डोळ्यांपुढे अंधार. हौदाजवळची गोष्ट त्यांच्याही जिवाला लागली असेल, त्या बोलत नसतील इतकंच. त्यांच्या डोळ्यांचंही बघ. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. वेचणी संपली की नेऊन आण. तोवर लेकरं सांभाळणाऱ्या बाईच्या घरी दुपारी तास-दोन तास त्यांना बसवा. धावायचं काम त्यांचं नाही. गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, लेकरू मांडीवर घ्यायचं. दोन वर्षांचं लेकरू भाषा शिकतं ते असंच, कोणीतरी सतत त्याच्याशी बोललं म्हणून. तुमच्या घरात ही एक माणूस आहे जिच्याकडे बोलायला वेळ आहे.

मालकांना मी इथूनच सांगते, त्यांना वाचून दाखव. भाऊ, "घरी बस" म्हणायच्या आधी महिन्याचा हिशोब दोघांनी कागदावर मांडा. तिच्या वेचणीचे पैसे किराण्यात, दवाखान्यात, पोरींच्या वह्यांत कसे जातात ते लिहा. ते बंद झाले तर कोणाकडून उसने घ्यावे लागतील, तेही लिहा. आणि लेकरं दोघांची आहेत. जिनिंगमधून तुम्ही लवकर सुटत असाल, तर संध्याकाळी लहानीला आणायचं काम तुमचं. ग्रामसभेत बायकोच्या मागे उभं राहून हात वर करायचं कामही तुमचंच, कारण तिथं एका बाप्यानं हात वर केला की बाकीचे चार करतात.

आता लहानीचं शेवटचं. नव्या घरी पहिले चार-पाच दिवस ती रडेल, तू निघालीस की पदर धरेल. म्हणून पहिल्या दिवशी कामाला जाऊ नको, तिच्यासोबत तिथंच बस. दुसऱ्या दिवशी तासभर सोडून ये, मग अर्धा दिवस. चोरून निघून जाऊ नको, सांगून जा: "माय कापूस वेचाले जाते, दिवस बुडाच्या आंधी येते." आणि सांगितलं तशी ये. संध्याकाळी बाईला विचार, किती खाल्लं, किती झोपली, कोणाशी खेळली. अंगावर ओरखडा, भाजल्याची खूण, किंवा एकाएकी गप्प झालेली दिसली तर त्याच दिवशी विचार, संकोच करू नको. दहा-बारा दिवस उलटूनही ती खात नसेल, तर बाई बदला किंवा जागा बदला, पण मोठीला पुन्हा घरी बसवू नका. अर्जाचा आवक क्रमांक मिळाला की मला कळव. प्रस्ताव पुढे सरकत नसेल तर त्यापुढचं पत्र कोणाला आणि काय लिहायचं, ते मी तुम्हाला लिहून देते.

तुझी,
मावशी